कोणाची साथ चांगली

वैशाखरे,
फेब्रुवारी २००८

प्रिय काळूरामभावजी,

नमस्कार. ख्यालीखुशाली नंतर विचारीन, कारण मी रागात आहे आणि राग निवायच्या आत मला लिहून व्हायला हवं.

रविवारी तुमचा फोन आला तेव्हा माझे हात पिठात होते. मनस्वीने फोन माझ्या कानाला धरला. वहिनी कशा आहात, भात कसं झालं, पोरीची दहावीची परीक्षा कधी, यातलं काही नाही. तुम्ही सरळ म्हणालात, "वहिनी, तुमी माझ्या गाण्याच्या सगळ्या साथी बघितल्या. खरं सांगा, कुठली चांगली होती?" मी तोंड उघडायच्या आत उत्तरही तुम्हीच द्यायला लागलात. अक्षयची साथ टाकाऊ निघाली, म्हशाच्या जत्रेत त्याने तुमची लाज घालवली, त्या सगळ्यांना तुम्ही घरी बसवलंय, आणि मे महिन्यात शहापूरला तुमचा सत्कार आहे त्याला जुन्यांतले निवडक लोक घेऊन नवी साथ बांधायची आहे. मी म्हटलं, भावजी, जरा ऐका. तर लगेच तुमच्याकडे कोणीतरी आलं. संध्याकाळी मी फोन केला तर तुम्ही जेवायला बसला होतात. दुसऱ्या दिवशी प्रणितने उचलला आणि म्हणाला, बाबा रियाजाला बसलेत. भावजी, तुम्हाला रियाज करताना मी आजवर एकदाही पाहिलेलं नाही. टेम्पोत पुढच्या सीटवर पान चघळत गुणगुणणं म्हणजे रियाज असेल तर गोष्ट वेगळी.

तेव्हा आता हे पत्र. अंगणवाडीचे अहवाल लिहून लिहून माझा हात वळलाय, आणि पत्राला मधेच तोडून "कोणीतरी आलंय" म्हणता येत नाही. तुम्ही विचारलंत ना? मग सगळ्या साथींचं सांगते. तुमच्या मागे मी अगदी पहिल्यापासून उभी आहे. बाकी सगळी माणसं बदलली. मला बदलायचं बहुधा तुमच्या लक्षातच आलं नाही.

पहिली साथ आपल्या गावची, तुम्ही इथे राहत होतात तेव्हाची. माझे हे ढोलकीला, धाकलू पेटीला, गोजर झांजेला, आणि मागे धरायला मी आणि सकुबाई. टोकावड्यापासून इथपर्यंत कुठेही हळद असली की तुम्हाला बोलावणं असायचंच. एकच माइक, तो मांडवाच्या बांबूला सुतळीने बांधलेला, आणि तो तुमच्याकडे झुकावा म्हणून त्याला कुणाचा तरी रुमाल गुंडाळलेला. आता मुलाखतीत तुम्ही सांगता की त्या साथीत मातीचा वास होता. वास होता खरा, गोजरच्या तंबाखूचा. सकुबाई दुसरं कडवं पहिल्यात म्हणायची. धाकलूच्या पेटीचे दोन सूर मुके होते. "काळूच्या पाण्याला" हे आपल्या काळू नदीचं गाणं बांधताना ते दोन सूर टाळायचे म्हणून चालीने मधेच वर उडी मारली, आणि आज त्याच उडीला लोक काय उडी, काय उडी म्हणून माना डोलावतात. तुम्हीही टीव्हीवाल्याला सांगितलंत की ती चाल तुम्हाला माळशेजच्या घाटात सुचली. धाकलू बिचारा ते बघत होता. हसला आणि म्हणाला, असंल बाबा, घाटातच असंल.

पण एक गोष्ट त्या साथीत होती. तुम्ही शब्द फार विसरायचात. अशा वेळी ह्यांची नजर तुमच्या तोंडावरच असायची. ओठ थांबले की ढोलकी चालू. तुम्हाला पुढची ओळ आठवेपर्यंत हे असे काही तुकडे वाजवायचे की वऱ्हाडाला वाटावं, ढोलकीची जागाच आहे ती. लोक शिट्ट्या मारायचे. तुम्हाला आठवलं की हे नुसती भुवई वर करायचे आणि तुम्ही उचलायचात. याबद्दल तुम्ही दोघं कधी एक शब्द बोललेले मला माहीत नाही.

दुसरी साथ कॅसेटवाली. पंच्याण्णव साल असेल. मुंबईच्या कंपनीने बोलावलं, पण फक्त तुम्हाला. साथ त्यांची. मला नेलं ते एवढ्याचसाठी की त्यांच्या कोरसमधल्या बायांना "नाय" म्हणता येईना. त्या इतकं स्वच्छ "नाही" म्हणायच्या की हळदीचं गाणं पाठ्यपुस्तकातलं वाटायला लागलं. हेही आले होते, ढोलकी चादरीत बांधून. लागली तर, म्हणून. ती काही लागली नाही. काचेच्या आत चष्मा लावलेली माणसं कागद समोर ठेवून बसली होती. व्हायोलिन, मँडोलिन, तबला, ढोलकी, सगळं. एकही चूक नाही. आपण पाणी पिऊन येईपर्यंत त्यांचं गाणं संपलंसुद्धा. जाताना त्यातल्या एकानेही तुमचं नाव विचारलं नाही.

परत येताना मी ह्यांना विचारलं, कशी वाटली ढोलकी? हे म्हणाले, "हात गोड हाय त्या माणसाचा. पण तो काळूरामाच्या तोंडाकडं बघत नाय." तुम्ही मागून म्हणालात, तो कागदाकडं बघतो, त्याला शिक्षण म्हणतात. आणि खरं सांगायचं तर तुमचंही चुकीचं नव्हतं. ती साथ स्वच्छ होती, तुमचा शब्दन् शब्द ऐकू यायचा. ती नसती तर मुरबाडच्या पलीकडे तुम्हाला कोणी ओळखलं नसतं. हे मी म्हणते आणि हेही म्हणतात. तुमच्या दोस्ताची अजून एक गंमत सांगते. आता आपली जीप आहे मुरबाड रस्त्यावर, तुम्हाला माहीत आहेच. लोकांकडे सीडी आल्या तरी तिच्यात ह्यांचा कॅसेटचा टेप आहे आणि त्यावर दिवसभर तुम्ही. वर प्रवचन. ही पहिली साथ, ऐका. आता ही दुसरी, फरक बघा. वैशाखऱ्याहून निघालेलं माणूस मुरबाडला तालुक्याच्या कामाला उतरतं ते तुमच्या साथींवर परीक्षा देता येईल इतकं तयार होऊन. एक मास्तर तर एसटीची वाट बघतात पण आमच्या जीपमध्ये बसत नाहीत. घरी मी ऐकते, गाडीत लोक ऐकतात, आणि तुम्ही फोन करून मलाच विचारता कुठली चांगली.

तिसरी साथ कमळाकरची बँजो पार्टी. त्या साथीबद्दल लिहायला बसले की हात थांबतो. टेम्पो आपल्या फाट्यावर आला होता. जरीचे कोट शिवून आणले होते, त्यात माझ्या मापाचं जाकीट होतं. ह्यांच्या मापाचं काही नव्हतं. ऑक्टोपॅड, ते काठ्यांनी बडवायचं विजेवरचं यंत्र, आलं होतं आणि कमळाकर म्हणाला, ढोलकी ह्याच्यातच हाय. तुम्ही पुढच्या सीटवरून खाली न उतरता म्हणालात, "महादू, पुढच्या टायमाला बघू." हे बरं म्हणाले. माझी पाण्याची बाटली घरी राहिली होती, ती ह्यांनी धावत जाऊन आणली आणि टेम्पोत माझ्या हातात दिली. पुढचा टाइम काही आला नाही. मी येईनाशी होईन असं तुम्हाला वाटलं होतं का? ह्यांनीच मला पाठवलं, दर वेळी पाठवलं. म्हणाले, गळा तुझा हाय, रुसवा माझा, दोन्ही एका चुलीवर ठेवू नको.

खोटं बोलणार नाही, त्या साथीत मजा होती. भिवंडीकडच्या हळदी, गच्च्यांवर माणसं, खाली धुरळा, आणि ट्रंपेट सुरू झालं की छातीत धडधड व्हायची. लोकांना आजही तुम्ही आठवता ते त्याच कोटात. पण कमळाकरला थांबणं माहीत नव्हतं. प्रत्येक लग्नसराईला चाल थोडी जलद, पट्टी थोडी वर, भोंगे थोडे जास्त. तुम्हाला तुमचाच आवाज ऐकू येईना, म्हणून तुम्ही ओरडायला लागलात. ओरडून झालं की बर्फातला सोडा. मी म्हणायची, भावजी, कोमट पाणी घ्या. तुम्ही म्हणायचात, वहिनी, लोकांना गळा नाय, जोर पायजे. पुढे कमळाकर तुमचीच गाणी घेऊन स्वतःची पार्टी करून निघून गेला आणि जोराचं सगळं मात्र तुमच्या गळ्यात राहिलं.

आणि आता अक्षयची चौथी साथ, जिला तुम्ही टाकाऊ म्हणता. एक कीबोर्ड, एक पॅड, बाकी सगळं आधीच रेकॉर्ड करून त्यात भरून ठेवलेलं. मलाही सुरुवातीला ते आवडलं नव्हतं. पण तो आसनगावचा मुलगा दिवसभर कंपनीत काम करून यायचा आणि मांडवात आल्यावर आधी मला बसायला खुर्ची शोधायचा. शिवाय, भावजी, तो तुमच्या तोंडाकडे बघायचा. ह्यांच्यानंतर तोच एक. तुमच्या मानेच्या शिरा ताठ झालेल्या त्याने बघितल्या आणि न सांगता पट्टी थोडी खाली घेतली. गाणं छान गेलं होतं त्या दिवशी. तुम्हाला ते कळलं तेव्हा सगळ्यांदेखत तुम्ही त्याला झापलंत. म्हणालात, काळूराम पट्टी उतरवत नाय. दुसऱ्या दिवसापासून पट्टी पुन्हा होती तिथे.

तेव्हापासूनचं आता लिहिते. आपण दोघं त्यावर कधी बोललो नाही, आणि तुम्हाला वाटत असेल की न बोललेली गोष्ट झालेलीच नसते. "काळूच्या पाण्याला" मधली ती वरची ओळ आली की तुम्ही माइक लोकांकडे करायला लागलात. म्हणा, सगळ्यांनी म्हणा. लोक काय म्हणणार, त्यांना ती झेपत होती थोडीच. मागून ती मी म्हणायची. पहिल्यांदा तुम्हाला ठसका लागला म्हणून म्हटली. मग पुढच्या हळदीला, मग त्याच्या पुढच्या. एका ओळीच्या दोन झाल्या, मग इतर गाण्यांतल्याही. अक्षय गुपचूप माझा माइक वाढवायचा. पुढून लोकांना तुमचे हात वर गेलेले दिसायचे आणि आवाज यायचा, तो तुमचाच असणार असं ते धरून चालायचे.

हे ह्यांनी पकडलं. गेल्या वर्षी कुणीतरी आपल्या कार्यक्रमाची टेप करून दिली होती. भर रस्त्यात, माणसं बसलेली असताना, ह्यांनी जीप कडेला घेतली आणि तेवढाच तुकडा मागे पुढे करून ऐकला. घरी आले आणि चपला न काढता म्हणाले, "गो कमळ, ही वरची ओळ तुझी हाय." मी पाण्याचा तांब्या पुढे केला. "किती वरसं?" मी म्हटलं, मनस्वी पाचवीत होती तवापासून. हे ओट्यावर बसले. म्हणाले, त्याला कोणीतरी सांगायला पायजे. मी म्हटलं, तुमीच सांगा, दोस्त तुमचा. तर म्हणाले, "मी सांगितलं तर त्याला वाटंल, महादू ढोलकीचा राग काढतोय."

तेव्हा कुणीच सांगितलं नाही. हे मान राखून गप्प, अक्षय धाकाने गप्प. मग म्हशाची जत्रा आली. तिथे काय झालं ते तुम्ही अजून नीट ऐकून घेतलेलं नाही, म्हणून लिहिते. प्रणितने नवीन सगळं भरून आणलं होतं, कोरससुद्धा. आम्हा बायांनी नुसतं डुलायचं. त्याने साउंडवाल्याला सांगून आमचे माइक बंद ठेवले. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, त्याला बिचाऱ्याला काय माहीत? भरलेल्या कोरसमध्ये ती ओळ नव्हती, कारण ती तुमची. तुम्ही माइक लोकांकडे केलात. मी पूर्ण जोर लावून म्हटली आणि माझ्या कानापलीकडे काही गेलं नाही. पुढे घोंगड्या घेऊन आलेली, बैल बघून आलेली एवढी माणसं, आणि नुसता ठेका चालू. तुम्ही माइक परत तोंडाशी नेलात आणि ओळ घ्यायला गेलात. जो आवाज निघाला तो आठवला की माझ्या अंगावर अजून काटा येतो. लोक हसले. मग ओरडले. तुम्ही मागे वळलात ते माझ्याकडे बघायला नाही. अक्षयकडे बघितलंत.

स्टेजच्या मागे तुम्ही त्या मुलाला काय काय बोललात. कीबोर्ड चुकीच्या पट्टीत लावला, गाणं खाल्लं, उद्यापासून येऊ नको. तो रडत होता, पण तोंडातून माझं नाव काढलं नाही त्याने, की तुमचं गुपित बोलला नाही. मी मधे पडले तर म्हणालात, "वहिनी, तुमी गप." चार माणसं होती म्हणून गप्प बसले. आता इथे माणसं नाहीत.

तर ऐका. तुमच्या कुठल्याही साथीने तुम्हाला दगा दिलेला नाही. धाकलूने मुक्या पेटीवर चाल दिली, कागदवाल्यांनी नाव दिलं, कमळाकरने गर्दी दिली, अक्षयने सांभाळून घेतलं. नवी साथ आणा, मुंबईहून आणा, विमानाने आणा, तीही बिघडल्यासारखीच वाटेल तुम्हाला. बिघाड साथीत नाही, भावजी. गळ्यात आहे. आणि हे तुम्हाला माझ्याआधीपासून ठाऊक आहे, म्हणून तर मी "ऐका" म्हटलं की तुमच्याकडे कोणीतरी येतं.

इतकं सगळं मी कदाचित लिहिलंही नसतं. आजवर गप्प बसले तशी अजून बसले असते. पण परवा मैना आली होती. माहेरी जाते असं तुम्हाला सांगून निघाली आणि जीपने थेट आमच्याकडे आली. चहा तसाच ठेवला तिने. म्हणाली, दिवाळीपासून तुमचा आवाज उघडलेला नाही. भाकरी गिळवत नाही म्हणून रोज मऊ भात करायला सांगता. थुंकीत रक्त आलेलं तिने दोनदा बघितलं, आणि तुम्ही बायकोला पोराची शपथ घातलीत की कुठे बोलायचं नाही. डॉक्टरकडे जायचं नाही, का, तर शहापुरात, कल्याणात सगळे ओळखतात, गायकाचा गळा गेला म्हणून बोभाटा होईल, सत्कार राहील बाजूला. मग माणूस घरात बसून कुठली साथ चांगली होती याचे फोन करत बसतो. मैना गेल्यापासून माझं कशातच लक्ष नाही, भावजी. या पत्रात राग जास्त झाला असेल तर होऊ दे. राग धरला की माझं अक्षर नीट येतं.

आता काय ठरलंय ते सांगते, विचारत नाही. कल्याणला गळ्याच्या डॉक्टरांकडे गुरुवारी सकाळी नंबर लावला आहे. तो ह्यांच्या नावाने लावलाय, ह्यांनी स्वतः जाऊन. तुमचं नाव तिथल्या कुठल्याही माणसाला कळणार नाही. आत गेल्यावर दार लावून डॉक्टरांना खरं काय ते हे सांगतील. गुरुवारी सकाळी हे जीप घेऊन तुमच्या दारात येतील. गाडीत दुसरं माणूस नसेल आणि टेप बंद असेल, साथींवर बोलायचं नाही असं मी बजावलंय. तुम्ही मफलर गुंडाळा, मैनाला बरोबर घ्या आणि बसा. ह्यांना मी विचारलं, इतक्या वर्षांनी त्याच्याशी काय बोलाल? म्हणाले, बोलायचं काय, शेजारी बसायचं. तर बसा दोघं शेजारी. नाव पुकारतील ते "महादू" म्हणून पुकारतील. हे सवयीने उठायला बघतील, त्यांना हात धरून खाली बसवा आणि तुम्ही आत जा.

तुमचीच,
कमळवहिनी